हिराजीकाका, तारा आणि तांब्याभर दूध

हिराजीकाका अजून आहेत, हे आधीच सांगून टाकते. कोणावर लिहायला बसलं की वाचणारे लगेच हळहळायच्या तयारीला लागतात. तशी काही गरज नाही. परवाच त्यांच्या सुनेचा, वैशालीचा फोन आला होता. मागून त्यांचा आवाज येत होता आणि ते कोणावर तरी ओरडत होते. म्हणजे तब्येत बरी आहे.

मी मेडिकलवाली. भिंतीवर फ्रेममध्ये माझं सर्टिफिकेट लटकतं आणि त्याच्याखाली मी उभी असते. माहेर साताऱ्याकडचं. लग्न करून नवी मुंबईत आले आणि नावड्याला सोळा-सतरा वर्षं काढली, तिथंही मेडिकलच्या काउंटरवरच. आता करंजाड्याला राहते, तिथल्याच एका मेडिकलमध्ये कामाला आहे. काउंटरवर कोणी गोळ्या घ्यायला आलं की माझा पहिला प्रश्न असतो, "कशाबरोबर घेता?" गिऱ्हाईक गोंधळतं. मालक म्हणतात, "ताई, लाईन लागलीय, आटपा." लागू दे लाईन. एकदा अशीच लाईन लागली होती म्हणून मी मान वर न करता एक वाक्य बोलले होते, आणि त्याचे भोग हिराजीकाकांनी आठ महिने भोगले.

नावड्याला एका अंगाला जुनं गाव, दुसऱ्या अंगाला कॉलनी, आणि पलीकडं तळोज्याचे कारखाने. गावातली माणसं मूळची शेतकरी. जमिनी गेल्या, बिल्डिंगी उठल्या. हिराजीकाकांचीही तीन मजली उठली. वर भाडेकरू, खाली स्वतः, आणि मागं जिथं बाकीच्यांनी गाड्यांसाठी फरशी घातली, तिथं यांनी गोठा ठेवला. कधीकाळी सात म्हशी होत्या म्हणे. मी गेले तेव्हा दोन होत्या, पुढं एकच राहिली. ती तारा. मुलगा नितेश कारखान्यात सुपरवायझर. तो म्हणायचा, "बाबा, आता काय गरज आहे? कशाला रोज शेणात हात घालायचे?" काका म्हणायचे, "तुमचे कंपनीन जो वास येतंय ना, त्यापेक्षा शेन बरा."

बुटका, काळासावळा, काटक माणूस. अंगात बनियन, खाली लुंगी, गळ्यात सोन्याची जाड साखळी. जुन्या स्कूटरच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. आमच्या दारात पहिल्या दिवशी आले तेव्हा मी पातेलं पुढं केलं, तर त्यांनी ते हातातून घेतलं, उलटं केलं आणि झटकलं. दोन थेंब पडले.

"वला हाय."

"आत्ताच घासलंय काका, घाला की."

"वल्या भांड्यान दूद नाय घालायचा. उद्या तूच बोलशील, हिराजीन पानी घातला."

मी पातेलं पदराला पुसून आणलं. तेव्हा कुठं किटलीचं झाकण उघडलं. मग चौकशी. घरात माणसं किती? चहा किती वेळा? मी दीड लिटर सांगितलं होतं. त्यांनी हिशेब केला आणि एकच लिटर घातलं. "तिगा मान्सा. दीड लिटर काय करनार? फ्रिजान ठेवून नासवनार." गिऱ्हाईकाचा माल आपणहून कमी करणारा दुकानदार मी तोवर बघितला नव्हता. मला राग आला, मला तो लवकर येतोच, पण दुसऱ्या दिवशी खरंच एक लिटर पुरलं आणि मी गप्प बसले.

दूध घालायची पद्धत बघण्यासारखी होती. माप वर उचलायचं आणि बारीक धारेनं सोडायचं. शेवटचा थेंब पातेल्यात पडेपर्यंत हात हलायचा नाही. जमिनीवर कधी ठिपका पडलेला आठवत नाही. एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं, "दूद आनी मानूस, उतू जायच्या आदी वलखायचा." आणि ओळखायचेही. वरच्या मजल्यावरचं भाडेकरू जोडपं एकदा भांडायला लागलं. आवाज अजून खाली ऐकूही येत नव्हते, तोवर काका "वरती आधन आलाय" म्हणत जिना चढले. तिथं बसून त्यांनी चहा मागितला, अर्धा तास म्हशीच्या चाऱ्याच्या गप्पा मारल्या आणि खाली आले. ते दोघं कंटाळूनच शांत झाले असणार.

आणि तारा. ती काकांशिवाय कोणाला पान्हा सोडायची नाही. काकी, नितेश, वैशाली, सगळ्यांनी करून बघितलं. पारडू लावायचं, कास धुवायची, सगळं तसंच करायचं, पण तिला हात कळायचा. दूध वर चोरून घ्यायची आणि मख्ख उभी राहायची. काका बसले, कपाळ तिच्या कुशीला टेकवलं, की बादलीत धारा वाजायला लागायच्या. म्हणजे काकांचे हात आहेत तोवर तारा आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर बोलायची वेळ येईल असं मात्र कोणाला वाटलं नव्हतं.

सुरुवात आमच्या उंबऱ्यावरच झाली. एके सकाळी माप पातेल्याच्या काठावर खटकन आपटलं आणि दूध सांडलं. काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतः फरशी पुसली आणि मलाच म्हणाले, "पातेला सरल धर ना गो." पातेलं मी सरळच धरलं होतं. पुढच्या महिन्यात दोनदा तसंच झालं. चालताना पाय घासायला लागले. गावात वेगळीच चर्चा. रस्त्यात भेटलं तर काका हसेनासे झाले होते, चेहरा नुसता ठोकळ्यासारखा. लोक म्हणाले, बिल्डिंग झाली, हिराजीला माज आला. मी कितीही तापट असले तरी शिकलेलं थोडंफार लक्षात आहे. मी वैशालीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "माज नाही आला. मेंदूच्या डॉक्टरला दाखव."

खारघरला एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि सांगितलं, पार्किन्सन. कंपवात. बरा होणारा नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पुष्कळ वर्षं चांगली जातात. दिवसातून तीनदा गोळी. कागद घेऊन वैशाली माझ्याकडंच आली. त्यावर लिहिलं होतं, जेवणाआधी अर्धा तास. मीच वाचून दाखवलं. हे मुद्दाम सांगते, कारण मला माहीत नव्हतं असं कोणाला वाटायला नको.

पहिल्या आठवड्यात काका स्वतः काउंटरला आले. संध्याकाळची वेळ, कंपनी सुटलेली, पुढं सात-आठ माणसं.

"बाय, गोली खाल्ली का पोटान मलमलतंय. वकारी येते."

मी कोणाचं तरी बिल करत होते. मान वर न करता म्हटलं, "दुधाबरोबर घ्या काका. गरम पडतात या गोळ्या."

बास, एवढंच. माझी आई प्रत्येक गोळीला हेच म्हणायची. तिची आईही म्हणत असणार. औषध गरम, दूध थंड, त्याला पुस्तक कशाला लागतं? जेवणाआधी अर्धा तास हे वाचून दाखवणारी मीच होते, पण दूध म्हणजे काही जेवण नव्हे, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पुढचं गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं. मी ते काढायला वळले.

काका खूश होऊन गेले. डॉक्टरांच्या गोळीला तारेच्या दुधाची जोड मिळाली, याहून चांगलं काय? घोटभर नाही घेतलं त्यांनी. त्यांच्या हाताला घोटभर माहीतच नव्हतं. तांब्याभर, पाणी न घातलेलं, साय न काढलेलं, म्हशीचं, दिवसातून तीनदा. मळमळ थांबली. मला येऊन सांगून गेले, "तू बोल्लीस तेवा बरा वाटला."

मळमळ थांबली आणि गोळीही थांबली, म्हणजे तिचं काम थांबलं. पण हे कळायला आठ महिने लागले. हात हलायचा, पाय अडकायचे. दाराच्या चौकटीत येऊन उभे राहायचे आणि पाऊल पुढं पडायचं नाही, कोणीतरी खिळा मारल्यासारखं. डॉक्टरबाईंनी डोस वाढवला. थोडं बरं वाटायचं, परत तेच. किटल्या नितेशनं काढून घेतल्या, त्या तो स्वतः कामावर जायच्या आधी पोचवायला लागला. तो बिचारा कोणाचं पातेलं उलटं करायचा नाही. लोकांना ते बरं वाटलं, मला वाटलं नाही.

त्यातच कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, दूध प्यायल्यानं कंपवात होतो, दुग्धजन्य पदार्थ बंद करा, दहा जणांना पाठवा. आमच्या लोकांना तेवढंच हवं असतं. दोन-तीन घरांनी दूध बंद केलं. काकांच्या कानावर गेलं. ते वैशालीचा हात धरून काउंटरपर्यंत आले आणि सगळ्यांसमोर न विचारता कोपऱ्यात थांबून राहिले. गर्दी सरल्यावर जवळ आले.

"दुदान व्हतो का यो रोग?"

"व्हॉट्सअॅपवर काहीही येतं काका."

"काहीही नको सांगू. व्हतो का?"

मला ठाऊक नव्हतं, आणि ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "चालीस वर्सां पोराना घातलाय मी. या कॉलनीतली अर्दी पोरा माज्या दुदावर मोठी झाली." मग म्हणाले, "पहिल्या माल्यावरचे भाडेकरूचे पोरीला नको देऊ बोललो नितेशला. डागतरला इचारतो, मंग बगू." स्वतः मात्र पीत होते. स्वतःला झालाय तो झालाय, पण लेकरांना नको, असा तो विचार. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं आणि नेहमीप्रमाणं त्याचा राग मी घरी नवऱ्यावर काढला.

खरं संकट गोठ्यात होतं. काका बसायचे, पण बोटं आवळायची नाहीत. चार धारा पडल्या की हात थरथरायला लागायचा, तारा पाय उचलायची. अर्धं दूध कासेत राहायचं. मग वैशालीनं एक जुनी युक्ती केली. काकांचा बनियन, त्यांची लुंगी, डोक्याला त्यांचा टॉवेल, असा वेष करून ती गोठ्यात शिरली. मी दूध न्यायला गेले होते म्हणून बघायला मिळालं. तारेनं वास घेतला, पान्हा सोडला, दोन-तीन मिनिटं झकास धारा चालल्या. मग वैशालीच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. तारेनं मान वळवून तिच्याकडं असं बघितलं की बाई ओशाळून बादली घेऊन बाहेर आली. काकी दारात हसून हसून खाली बसल्या. काका ओट्यावर होते. ते हसले नाहीत. "ती पन फसत नाय," एवढंच बोलले.

त्या आठवड्यात नितेशनं सांगून टाकलं. तो काही वाईट मुलगा नाही. वडील म्हशीच्या पायाखाली येतील ही भीती त्याला झोपू देत नव्हती. "बाबा, मी जासईच्या माणसाला बोललोय. म्हशी घेतो तो. सवडीनं येऊन बघून जाईल. मला रोजचं टेन्शन नकोय." काका उठून गोठ्यात गेले. दुसऱ्या दिवशी काकी मला म्हणाल्या, "म्हस गेली तं यो मानूस पन खाटंवरना उठनार नाय, सांगून ठेवतंव." तेव्हापासून तारा राहणार की जाणार, एवढाच एक प्रश्न त्या घरात होता.

आणि नेमकी तारा आजारी पडली. दूध कासेत राहून राहून कास सुजली, दगडासारखी झाली. ढोरांचा डॉक्टर आला, इंजेक्शनं सुरू झाली. त्यानं बजावलं, औषध संपेपर्यंत आणि नंतरही काही दिवस हिचं दूध कोणी प्यायचं नाही. काकांना मात्र नुसत्या इंजेक्शनांवर सोडवेना. ते काकीला घेऊन गावदेवीच्या देवळात गेले आणि नवस बोलले. तारेची कास बरी होईस्तोवर आपण दूध, दही, ताक, तूप, काही तोंडात घालणार नाही. आणि ढोरांच्या डॉक्टरनं पान्ह्याचं इंजेक्शन देऊन तारेचं दूध काढायला माणूस पाठवला, तर काकांनी त्या माणसालाही बजावलं, तिच्याशी बोलत बोलत काढ.

नवस म्हणजे नवस. चहा काळा. गोळी पाण्याबरोबर.

चौथ्या की पाचव्या दिवशी काकी गोठ्यात गेल्या, तर काका तारेला उभ्याउभ्या खरारा करत होते. कोणी हात धरलेला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चालत माझ्या काउंटरला आले. एकटे. चौकटीत अडकले नाहीत, सरळ आत आले आणि हसले. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे दात बघितले.

"देवीला म्हशीचा सांगितला व्हता," ते म्हणाले, "तिनी माजाच केला. पत्ता चुकला तिचा."

सगळं गाव म्हणालं, देवी पावली. मीही म्हटलं. डोस वाढवला होता ना, त्याचा गुण आला असेल, असंही मनात म्हटलं. म्हणजे देवी आणि डॉक्टर दोघांना वाटून दिलं, आणि जे कारण समोर उभं होतं तिकडं बघितलं नाही.

तारेची कास उतरली. मनाईचे दिवसही संपले. काकांनी देवीला नारळ फोडला, ओटी भरली, आणि घरी येऊन दुपारच्या गोळीला पहिला तांब्या तोंडाला लावला. तीन दिवसांत परत अंगाचं लाकूड. या वेळी ते खचले. आधी रोग होता, आता देवी रुसली होती. आपलं काय चुकलं, हेच धरून बसले. काकी म्हणाल्या, पुन्हा नवस बोला. ते म्हणाले, "दिलेला काडून घेतला तिनी. आथा काय तोंडान मागू?"

हे सगळं वैशाली मला काउंटरवर सांगत होती. तिला पुढच्या महिन्याच्या गोळ्या हव्या होत्या. "ताई, नवस होता ना तेव्हा इतके चांगले होते. आमी काय वेगळं केलं? तेच जेवण, त्याच गोळ्या. फक्त दूध तेवढं नव्हतं."

माझ्या हातात खोका होता. आत घडी घातलेला कागद असतो, मुंगीएवढी अक्षरं, आम्ही तो कधी उघडत नाही. मी उघडला. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं थांबा. वाचलं. जास्त प्रथिनांच्या आहारानं गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी खोका खाली ठेवला. स्टुलावर बसले. आठ महिने रोज तीनदा माझ्या शब्दाखातर त्या माणसानं आपलं औषध आपल्या हातानं वाया घालवलं होतं. वैशाली विचारत होती, ताई, काय झालं. मी तिला सांगितलं, उद्याच्या उद्या डॉक्टरांकडं जाऊ, मी पण येते.

वाटेत रिक्षात सांगायचं ठरवलं होतं. सांगितलं नाही. भित्री आहे मी, ओरडते तेवढीच. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न, "गोळी कशाबरोबर घेता?"

काका अभिमानानं म्हणाले, "दुदाबरोबर. तांब्याभर. घरचा हाय."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "तीनही वेळा? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी तोंड उघडलं. माझं पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आत काका म्हणाले, "कोनी नाय. माजा मीच."

ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. डॉक्टरबाई समजावून सांगायला लागल्या. "काका, ही गोळी आणि दुधातलं प्रथिन, दोघं एकाच दारातून आत जातात. दूध एवढं घुसलं की गोळी बाहेरच राहते. गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. मळमळलं तर एखादं साधं बिस्कीट खा, तरी थांबली नाही तर मला सांगा. दूध सोडायचं नाही, हाडांना लागतं. गोळीपासून लांब घ्या, बेतानं. आणि गोळ्या मनानं कमी-जास्त करायच्या नाहीत."

"आनी दुदान यो रोग व्हतो का?"

बाईंनी हो किंवा नाही असं तोडून टाकलं नाही, ते मला आवडलं. "दूध खूप पिणाऱ्यांत थोडा जास्त दिसतो, असं काही ठिकाणी आढळलंय. पण दुधानंच होतो, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. तुम्हाला कशामुळं झाला, हे मी सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकत नाही. मुलांचं दूध बंद करू नका, आणि म्हशीवर आळ घालू नका."

काकांनी लांब श्वास सोडला. मग जाता जाता दारात थांबून विचारलं, "म्हंजे देवी रुसलेली नाय?" बाई हसल्या. म्हणाल्या, "देवीनंच तर दाखवून दिलं."

खाली रिक्षा शोधायला वैशाली पुढं गेली. आम्ही दोघं पायरीवर. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, म्हणून मी एका दमात बोलून टाकलं. "काका, दुधाबरोबर घ्या असं मी सांगितलं होतं. चूक माझी आहे. आत मी बोलणार होते."

"मना म्हाईत हाय. मी काय बहिरा हाय?"

"मग खोटं का बोललात?"

"तुजी नोकरी हाय ना गो. त्या बायनी कायतरी लिवला कागदावर तं?"

मला रडू यायला लागलं आणि मी रडले. रस्त्यात, दुपारी, लोकांसमोर. त्यांना ते अवघड झालं. थोडा वेळ टॉवेलशी चाळा करत बसले, मग म्हणाले, "रडू नको. तुना एक सांगतंव, काकीला सांगू नको. तिचा आपरेशन झाला त्या वर्साला एक म्हस आटली व्हती. पंदरा दिस मी दुदान पानी घातला. सगल्याना."

मी रडायची थांबले.

"तू इचारलास मना, काका, दूद पातल का लागतंय? तुजी पोर लहान व्हती. मी तुज्यावरच वरडलो, चार मान्सांत. तू पातेला आत नेलास, काय बोलली नायस." ते समोर रस्त्याकडं बघत होते. "वल्या भांड्यावर मी पयल्यापासनं वरडतंव, पन तेवापासनं कोनाचाबी वला भांडा दिसला ना, का जास्तीच वरडतंव."

मला तो प्रसंग आठवतही नव्हता. त्यांनी दहा-बारा वर्षं तो जपून ठेवला होता. रिक्षा आली. बसताना म्हणाले, "झाला आथा. तुजा पन झाला, माजा पन." त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही.

रोग गेला नाही. तो जाणार नव्हताच. पण गोळी आपलं काम करायला लागली. पहाटे पाचला पाण्याबरोबर गोळी, मग ओट्यावर बसून राहायचं, सहाच्या सुमाराला उठायचं. दूध संध्याकाळी, एकच पेला, तोही गोळीपासून लांब. पहिल्या माळ्यावरच्या पोरीचं दूध परत सुरू झालं. आम्ही त्याच महिन्यात करंजाड्याला घर घेतलं. निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला त्यांच्याकडं गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेव्हा.

अंगणात एक अनोळखी माणूस उभा होता. जासईचा म्हशीवाला. नितेशनं बोलावून ठेवलेला, मध्ये महिने गेले, नितेश विसरूनही गेला होता, आणि तो त्याच्या सवडीनं त्या दिवशी उगवला. काकी दारात पदर तोंडाला लावून उभ्या. वैशाली नवऱ्याकडं बघत होती. म्हशीवाल्यानं तारेची पाठ थोपटली, कास बघितली आणि म्हणाला, "काडून दाखवा."

नितेशनं बादली उचलली आणि वडिलांकडं बघितलं. काका ओट्यावरून उठले. कोणाचा हात मागितला नाही. गोठ्याच्या दारात एकदा थबकले, पण पाय उचलला आणि आत गेले. उकिडवे बसले, कपाळ तारेच्या कुशीला टेकवलं. पहिल्या दोन धारा बाहेर गेल्या. मग बादलीत वाजायला लागल्या, आणि वाजत राहिल्या. फेस वर येत गेला, अर्धी बादली झाली, त्याच्याही वर गेली. काकांनी हात आलटूनपालटून कास कोरडी केली.

म्हशीवाला खूश झाला. "म्हस एक नंबर हाय. बोला, काय घेनार?"

नितेश बादलीकडं बघत उभा होता. म्हणाला, "नाय विकायची."

"मंग मना जासईवरनं कशाला बोलावलास?"

नितेशनं वाकून बादली उचलली आणि वैशालीच्या हातात दिली. "चहा पिऊन जा," तो म्हणाला.

काका अजून तारेच्या कुशीला डोकं लावून तसेच बसले होते, आमच्याकडं पाठ करून. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, कंप आला. मी घाईनं पुढं झाले आणि वाकून बघितलं. काका हसत होते.